चूक मान्य नाई

सुखदेव उंदीरवाडे यांच्या तोंडून मी ऐकलेले पहिले शब्द होते, "लेखी द्या जी."

मी नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते. चंद्रपूरला आमच्या खात्याचं गाड्या दुरुस्त करायचं शेड होतं. कोणतं खातं ते सांगत नाही. खात्याच्या जीपा, दवाखान्यांच्या गाड्या आणि साहेबलोकांच्या मोटारी दोन जिल्ह्यांच्या जंगलातून खिळखिळ्या होऊन आमच्याकडे येत. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, पण त्याचं शेड व्हायचं होतं, म्हणून तिकडच्याही गाड्या आमच्याच गळ्यात. शेडच्या दाराशी पत्र्याच्या पार्टिशनआड माझं टेबल होतं. उन्हाळ्यात टाइपरायटरच्या कळा बोटांना चटके देत.

त्या सकाळी आमचे सुपरवायझर पिंपळशेंडे एका खुर्चीपुढे कमरेवर हात ठेवून उभे होते. मोडीत काढलेल्या जीपची सीट, तिला वेल्डिंग करून बसवलेले चार लोखंडी पाय, आणि पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने सुबक अक्षरात 'सु. ग. उंदीरवाडे, वायरमन'. शेडमधल्या कामगारांना खुर्च्या नव्हत्या. ते लाकडी खोक्यांवर नाही तर टायरवर बसत.

"ही इथून हलवा," पिंपळशेंडे म्हणाले.

"लेखी द्या जी."

"यात लेखी काय द्यायचं?"

"वायरमननं खुर्चीवर बसू नये, असं लिवा. खाली तारीख टाका, सही करा. मी लगेच हलवतो."

पिंपळशेंडे आत गेले. खुर्ची जागची हलली नाही.

सुखदेवभाऊ चाळिशीच्या पुढचे, अंगाने काडीसारखे. केस पाणी लावून चप्प बसवलेले. ग्रीस, डिझेल आणि काजळीच्या त्या शेडमध्ये ते रोज धुतलेला पांढरा शर्ट घालून येत. बाकी सगळे खाकीत, हे पांढऱ्यात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खाकीवर मळ दिसत नाई, बाई. मले कुठं मळलो ते समजलं पायजे." आणि खरंच, बोनेटखालून बाहेर आले की ते आधी शर्ट बघत. कोणत्या कोपऱ्यात तेल गळतंय, कुठे धूर धरलाय, ते त्यांना शर्टावरून कळायचं. संध्याकाळी घरी जाऊन शर्ट स्वतः धूत. त्यांच्या पत्नीने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं म्हणे, की हा शर्ट मी धुणार नाही. "बरोबर हाय तिचं," ते म्हणायचे.

गाव पोंभुर्ण्याकडचं. वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबलेले. छप्पन साली धम्मदीक्षेला वडिलांबरोबर शाळकरी सुखदेवभाऊ चांद्याला चालत आले होते. चंद्रपूरला ते नेहमी चांदाच म्हणत. त्या प्रवासाविषयी त्यांनी मला एकदाच सांगितलं, एका जीपच्या डॅशबोर्डखाली उताणे पडून, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून, त्यामुळे अर्धं मला कळलंच नाही. कळलं ते एवढं, की जाताना पाटलाच्या घरापुढून वडिलांनी चपला हातात घेतल्या होत्या, आणि परत येताना घेतल्या नाहीत. "बस. एवढाच फरक," असं म्हणून त्यांनी मला पक्कड मागितली.

वायरिंगचं काम ते आधी ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या ठेकेदाराकडे शिकले आणि नंतर आमच्याकडे लागले. गाडीतली वीज हा त्यांचा प्रांत. त्यातही गाडीतली हवा, म्हणजे डॅशबोर्डातला ब्लोअर, काचेवर वारा मारणारी मोटर, दवाखान्याच्या गाडीतला हवा बाहेर फेकणारा पंखा, यांच्या दुखण्यात त्यांना विशेष रस. बाकीचे मेकॅनिक या कामाला हलकं समजत. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, पंखा बंद पडला तर नुसता घाम येतो, असा त्यांचा हिशेब. सुखदेवभाऊंना तो पटत नसे. "गाडी कोनासाठी हाय?" ते विचारत. "आत बसलेल्या माणसासाठीच ना? मंग आतल्याले श्वास घेता नाई आला, तर गाडी चालून राह्यली याचा उपेग काय?"

त्यांची पद्धत उलटी होती. काय बिघडलंय असं ते कधीच पहिल्यांदा विचारत नसत. काय चांगलं आहे ते विचारत. ब्लोअर फक्त तीन नंबरवर चालतो, एक आणि दोनवर नाही? मग मोटर चांगली, फ्यूज चांगला, अर्थिंगही चांगलं. वेग कमी करणारं मधलं वेटोळं तेवढं जळालं. त्यासाठी मोटर उतरवायला निघालेल्या मेकॅनिकच्या हातातून ते पाना काढून घेत. दोन वायरी लावलेला एक साधा बल्ब त्यांच्या खिशात असे. तो इथे टेकव, तिथे टेकव. पेटला तर इथपर्यंत वीज येते, नाही पेटला तर मागे जा. दहापैकी आठ वेळा दोष मोटरीत नसायचाच. कुठेतरी गंजलेला स्क्रू, उंदराने कुरतडलेली वायर, नाही तर कुणीतरी घाईत मारलेली गाठ.

आणि कुणी "चालू आहे" असं सांगितलं, की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "चालू हाय हे काई उत्तर नाई. काय करून राह्यलं ते सांगा."

मोठ्या साहेबांच्या मोटारीची गोष्ट शेडमध्ये पुढे बरेच दिवस चालली. साहेबांनी मागच्या सीटसाठी खास एक पंखा बसवून घेतला होता, पाठीमागच्या फळीवर. एप्रिलात तो बंद पडू लागला. गडचिरोलीच्या वाटेवर बंद, शेडमध्ये आणला की चालू. दोनदा मोटर बदलली, एकदा स्विच. ड्रायव्हर शपथेवर सांगायचा की मी एकटा असलो की पंखा मस्त फिरतो, साहेब बसले की थांबतो. लोक तोंडाला रुमाल लावून हसत. पंख्यालासुद्धा साहेबांचा कंटाळा आलाय, असं कुणीतरी म्हणालं.

सुखदेवभाऊ हसले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरला पुन्हा विचारलं, "साहेब बसले की? का गाडी हालली की?"

"बसले की. गाडी उभी असली तरी."

"मंग मले तिथं बसावं लागन."

मागच्या सीटवर टर्किशचा पांढरा टॉवेल अंथरलेला होता. ती साहेबांची जागा. तिथे ड्रायव्हरसुद्धा टेकत नसे. पिंपळशेंडे धावत आले आणि म्हणाले, "बसायचंच असेल तर थांबा," आणि त्यांनी टॉवेलवर वर्तमानपत्र पसरलं. पूर्ण दोन पानं, कोपरे नीट जुळवून.

सुखदेवभाऊ त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद उचलला, शांतपणे चार घड्या घातल्या आणि पिंपळशेंड्यांच्या हातात दिला. "माया शर्ट या टॉवेलाहून साफ हाय. पाहून घ्या," ते म्हणाले आणि टॉवेलावर ऐसपैस बसले.

पंखा फिरतच राहिला. पिंपळशेंड्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"मी हलका पडलो," सुखदेवभाऊ उतरत म्हणाले. "आता तुमी बसा जी. तुमचं वजन साहेबाएवढं हाय."

"मी? तिथे?"

"मंग कोन? काम सरकारी हाय."

पिंपळशेंडे चांगले भरलेले गृहस्थ. ते आत शिरले खरे, पण साहेबांच्या जागेवर अर्धेच टेकले, देवळात चोरून बसावं तसे. "पुरे बसा, पुरे बसा," सुखदेवभाऊ बाहेरून ओरडले. पिंपळशेंड्यांनी जीव मुठीत धरून पाठ टेकली आणि पंखा थांबला. उठवलं, सुरू झाला. पुन्हा बसवलं, थांबला. तिसऱ्यांदा बसवायची गरज नव्हती. तिसरी वेळ सुखदेवभाऊंनी केवळ न्यायासाठी घेतली असावी. सीट उचलल्यावर खाली पंख्याच्या वायरीचा नुसता पिळलेला जोड निघाला. वजन पडलं की सीटची स्प्रिंग तो दाबून सुटा करायची. नीट कथलाचा डाग देऊन, टेप गुंडाळून काम पाच मिनिटांत झालं.

त्या दिवसानंतर पिंपळशेंडे त्यांच्याशी बोलताना दुसरीकडे बघत.

पण हे सगळं गमतीचं. सुखदेवभाऊ कोण होते ते मला माडावीच्या प्रकरणात दिसलं.

माडावी हा एटापल्लीकडच्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर. गोंड, तिशीचा, बोलणं अगदी कमी. एके दिवशी दुपारी तो अडलेली एक बाई घेऊन गडचिरोलीला निघाला. मागे बाई, तिची सासू आणि सिस्टर. जंगलातल्या रस्त्यावर मागून काच बडवल्याचा आवाज आला. त्याने गाडी थांबवून दार उघडलं, तर सिस्टर बेशुद्ध होऊन खाली पडलेली, सासू ओकत होती, आणि अडलेल्या बाईची मान कलंडलेली. माडावीने तिघींना एकेक करून उचललं आणि मोहाच्या झाडाखाली नेऊन निजवलं. जवळच्या पाड्यावरून बायका बोलावून आणल्या. तासाभराने तिथेच, झाडाखाली, बाईची सुटका झाली. मूल रडलं. सगळ्या जगल्या.

चार दिवसांनी माडावीच्या हातात निलंबनाचा कागद पडला. रुग्ण गाडीत असताना ड्रायव्हरने तासभर गाडी मोहाच्या झाडाखाली उभी केली, तो नशेत असावा, असं त्यात होतं. मोहाचं झाड आणि गोंड ड्रायव्हर एवढ्यावरच कुणीतरी ते ठरवून टाकलं होतं. तो कागद मीच टाइप केला होता. टाइप करताना मला काही वाटलं नव्हतं, हे इथे सांगायला हवं.

गाडी तपासणीसाठी शेडमध्ये आली. पिंपळशेंड्यांनी दार उघडलं, स्विच दाबला, मागच्या दारावरचा पंखा भिरभिर फिरला, आणि त्यांनी मला मजकूर सांगितला : 'हवेचा पंखा चालू स्थितीत. दोष आढळला नाही.' खाली वायरमनच्या सहीची जागा होती.

माडावी त्या दिवशी शेडच्या बाहेर उन्हात उकिडवा बसून होता. सुखदेवभाऊंनी त्याला आत आणलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

"पयले कोन पडलं?"

"सिस्टर."

"ते कुठी बसली होती?"

"मागं. दाराजवळ. पंख्याखाली."

"आन तू? तुले काई झालं?"

"मले नाई. माई काच उघडी होती."

"दार उघडलं तवा वास कायचा आला?"

माडावीने थोडा विचार केला. "धुराचा. पन गाडीले आग नव्हती लागली."

सुखदेवभाऊ गाडीत चढले. पंखा सुरू न करताच त्याच्या आतल्या जाळीला त्यांनी आपली बाही टेकवली आणि दाबून फिरवली. खाली उतरले तेव्हा पांढऱ्या बाहीवर काजळीचं काळं वर्तुळ उमटलं होतं, जाळीच्या रेघांसकट.

"हवा बाहेर फेकनारा पंखा हाय," ते म्हणाले. "काजळी बाहेरच्या जाळीवर पायजे. आतल्या जाळीवर काऊन आली?"

महिनाभरापूर्वी त्या पंख्याची मोटर बाहेरच्या एका दुकानातून बदलून आणली होती. बसवणाऱ्याने दोन वायरी उलट जोडल्या होत्या. तसल्या मोटरीच्या वायरी उलटल्या की ती उलटी फिरते. आतली हवा बाहेर टाकायच्या ऐवजी पंखा बाहेरची आत ओढत होता. त्यात सायलेन्सरच्या नळीचा शेवटचा तुकडा जंगलातल्या खड्ड्यांनी कधीच पाडला होता, त्यामुळे इंजिनाचा सगळा धूर मागच्या दाराशीच घुटमळायचा आणि पंखा तो इमानेइतबारे आत भरायचा. मोटर बसवल्यावर काम तपासून घेतल्याची सही पिंपळशेंड्यांची होती.

मी टाइप केलेल्या कागदावर सुखदेवभाऊंनी सही केली नाही. पिंपळशेंड्यांनी आधी दटावलं, मग समजावलं. "उंदीरवाडे, पंखा चालू आहे एवढंच तर लिहिलंय. खोटं काय आहे त्यात?"

"खोटं काईच नाई. म्हनूनच सही नाई करत. सरळ खोटं असतं तर कोनीही पकडलं असतं."

त्यांनी आपला अहवाल हाताने लिहिला, दोन कार्बन घालून, तीन प्रती. त्या घेऊन माझ्या टेबलाशी आले. आवक शिक्का माझ्या ताब्यात असे, आणि तो पडला की कागद दडपता येत नसे. पिंपळशेंडे पार्टिशनपलीकडून बघत होते. मला वरोऱ्याहून रोज येऊन-जाऊन नोकरी टिकवायची होती, आणि अजून मी कायम झाले नव्हते.

"बाई, तुमाले भेव वाटत असन तर राहू द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "मी पोस्टानं पाठवतो."

मी तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेलं धाडस एवढंच.

चौकशीला गडचिरोलीहून दोन अधिकारी आले. शेडच्या अंगणात गाडी उभी केली. सुखदेवभाऊ न धुतलेल्या बाहीचा तोच शर्ट घालून आले होते. मळका शर्ट घातलेले मी त्यांना तेवढे एकदाच पाहिले. एका अधिकाऱ्याने स्विच दाबला. "चालू तर आहे," ते म्हणाले.

"माडावी, बिडी पेटव," सुखदेवभाऊ म्हणाले.

माडावीने अधिकाऱ्यांकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

"माया जबाबदारीवर पेटव."

त्याने बिडी पेटवली. सुखदेवभाऊंनी ती घेऊन बाहेरून पंख्याच्या जाळीजवळ धरली. धुराची रेघ वाकली आणि सरळ गाडीच्या आत गेली. सगळ्यांनी ते पाहिलं.

"बिडीच्या धुराने कोणी बेशुद्ध पडत नाही," दुसरे अधिकारी म्हणाले.

"बरोबर हाय जी. म्हनून तुमी दोघं आत बसा. मी इंजिन सुरू करतो, दार लावतो. दहा मिनिटं. मंग बोलू."

कुणी हललं नाही. पिंपळशेंडे "उंदीरवाडे!" असं ओरडले.

"तुमी नाई बसत? मंग मी बसतो." त्यांनी खिशातलं घड्याळ माडावीच्या हातात दिलं, आत चढले आणि आतून दार ओढून घेतलं. माडावीने इंजिन सुरू केलं.

ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. काचेतून आधी त्यांचा पांढरा शर्ट स्पष्ट दिसत होता, मग धुरकट. पाचव्या मिनिटाला ते खोकू लागले. सातव्याला माडावी दाराकडे धावला, तर आतून हात दिसला, थांब म्हणून. आठव्याला पहिले अधिकारीच ओरडले, "उघडा! उघडा ते दार!"

सुखदेवभाऊ बाहेर आले ते माडावीच्या खांद्यावर. डोळे लाल, ओठ राखाडी. कडुनिंबाखाली बसून त्यांनी ओकारी केली, चूळ भरली, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "आठच मिनिटं झाले. आठ लिवा. दहा नका लिवू."

मग उठून, भिंतीला धरत, परत गाडीत चढले आणि दोन वायरींची अदलाबदल केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बिडी पुन्हा धरली, या वेळी आतून. धूर बाहेर गेला.

माडावी कामावर परत आला. पिंपळशेंड्यांना कुणी काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी सुखदेवभाऊंची सिरोंच्याला, नव्याने उघडलेल्या लहानशा शेडवर बदली झाली. त्या काळी सिरोंचा म्हणजे दोन जिल्ह्यांच्या पार शेवटी, नदीपलीकडे दुसरं राज्य, बाजारात तेलुगू. पावसाळ्यात रस्ता बंद.

मी त्यांच्यासाठी बदली रद्द करण्याचा अर्ज टाइप करून ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"'कौटुंबिक अडचणीमुळे' काऊन लिवलं? माया कुटुंबाले काई अडचन नाई."

"भाऊ, असंच लिहायचं असतं."

"खरं कारन लिवलं तर चालन काय?"

"नाही चालणार."

"मंग राहू द्या." त्यांनी अर्ज मला परत दिला, रागावून नाही, जपून. कार्यमुक्तीच्या कागदावर सही करताना मात्र त्यांनी खाली एक ओळ लिहिली : 'बदली मान्य. चूक मान्य नाई.' पिंपळशेंडे म्हणाले, असं लिहिता येत नाही, कागद बदला. पण त्याच्यावरही माझा शिक्का पडून गेला होता.

दीड-दोन वर्षांनी भांडारातल्या सामानाच्या तपासणीच्या याद्या टाइप करायला मला सिरोंच्याला पाठवलं. गेले त्या दुपारी सुखदेवभाऊ जागेवर नव्हते. तिथला कारकून वैतागलेला होता. म्हणाला, "तुमचा तो वायरमन काय चीज आहे हो! दवाखान्याची एकही गाडी तो तपासल्याशिवाय सोडत नाही. आणि तपासणं म्हणजे कसं? स्वतः मागं निजतो, दार लावायला लावतो आणि नदीपर्यंत नेऊन आणायला सांगतो. तीनदा मेमो दिला. तीन मेमोंना तीन उत्तरं आली, आणि गाडीत निजणं काही थांबलं नाही."

तेवढ्यात शेडच्या बाजूने एक गाडी निघाली. मी ओट्यावर उभी होते, गाडी माझ्यापासून दहा हातांवरून गेली. मागच्या काचेतून मला ते दिसले. रुग्णाच्या जागी उताणे निजलेले, पांढरा शर्ट, केस आता बरेच पिकलेले, दोन्ही हात छातीवर. मी हात हलवला. त्यांनी मला पाहिलं असावं, कारण मान किंचित वळली. पण हात छातीवरून उचलला नाही. ते श्वास मोजत होते. गाडी लाल धुळीत नदीकडे उतरली, आणि उताराशी दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.